क्लाउडकंपेअर: पाऊलखूण माणसाचीच का, हे तपासताना

खडकातला एखादा खळगा माणसाच्या पावलाचा आहे की नाही, हा वाद फोटोंवर मिटत नाही. तिरप्या उन्हात सावलीच अंगठा काढून देते आणि भर दुपारी तोच अंगठा नाहीसा होतो. खरा पुरावा खोलीत असतो: टाच किती मिलिमीटर रुतली, चवडा किती, मधे कमान उरली का. ती खोली मोजायला आज सगळ्यात उपयोगी साधन कुठलं विचाराल, तर उत्तर क्लाउडकंपेअर हे त्रिमितीय मॉडेलं तपासण्याचं सॉफ्टवेअर. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. मुळात ते वीजकेंद्रांसारख्या ठिकाणच्या लेझर स्कॅनमधले बदल शोधण्यासाठी तयार झालं. त्यामुळे त्यात ‘पाऊलखूण’ नावाचं बटण नाही, सगळं आपणच जुळवावं लागतं.

आधी एक अट. हे सॉफ्टवेअर फोटोंपासून मॉडेल बनवत नाही, बनलेलं मॉडेल तपासतं. एका ठशाचे ३० ते ६० फोटो, एकमेकांवर निदान ६० टक्के येणारे, सावलीत किंवा ढगाळ उजेडात काढलेले हवेत. मोजपट्टी ठशाच्या शेजारी, त्याच पातळीवर ठेवावी. फोटोग्रामेट्रीसाठी, म्हणजे फोटोंपासून त्रिमितीय मॉडेल बनवण्यासाठी, मेटाशेप हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर मेश (जोडलेल्या त्रिकोणांचा पृष्ठभाग) बनवताना इंटरपोलेशन बंद करा. ते आपोआप चालू असतं आणि जिथे फोटोंना काही दिसलंच नाही तिथे गुळगुळीत पृष्ठभाग भरून टाकतं. बोटांमधल्या अरुंद जागा नेमक्या अशाच भरल्या जातात.

मेटाशेपच्या स्टँडर्ड आवृत्तीत मोजपट्टीवरून माप देण्याची सोय नाही, म्हणून ते काम इथे येऊन पडतं. पॉइंट पिकिंगने मोजपट्टीची दोन टोकं निवडा. समजा अंतर ३.२७४ आलं आणि पट्टी १०० मिलिमीटरची आहे. तर एडिट मेनूतल्या मल्टिप्लाय/स्केलमध्ये तिन्ही अक्षांना ३०.५४४ द्या. मग दुसऱ्या दिशेला ठेवलेली दुसरी पट्टी मोजून पाहा. तिथे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुढे जाण्यात अर्थ नाही, फोटो पुन्हा काढावेत.

यानंतरची पायरी बहुतेक जण चुकवतात: मॉडेल समतल करणं. टूल्समधल्या फिट, प्लेनने बसवलेली पातळी मॉडेल ज्यांनी बनतं त्या सगळ्या बिंदूंना धरून बसते. ठसाही त्यात घेतला तर खळगा पातळीला स्वतःकडे ओढतो, पातळी टाचेकडे किंवा चवड्याकडे कलते आणि खोलीचं सगळं गणित बिघडतं. कात्रीच्या साधनाने भोवतालचा न तुडवलेला पृष्ठभाग तेवढा वेगळा काढा, पातळी त्यालाच बसवा. खाली कन्सोलमध्ये (संदेशांच्या चौकटीत) एक मॅट्रिक्स, म्हणजे मॉडेल किती फिरवायचं-सरकवायचं याच्या आकड्यांचं कोष्टक, छापून येतं. ते कॉपी करून अप्लाय ट्रान्स्फॉर्मेशनने पूर्ण मॉडेलला लावा. मूळ जमीनच उताराची असेल तर पातळी लहान क्षेत्रावर बसवा. एकाच चालीतल्या दहा ठशांना मिळून एक पातळी लावू नका.

आता उंची रंगात उतरवा (एक्स्पोर्ट कोऑर्डिनेट्स टू एसएफ, झेड; एसएफ म्हणजे प्रत्येक बिंदूला जोडलेला आकडा) आणि मॉडेलचा चौकटींचा नकाशा करणाऱ्या रास्टराइझमध्ये १ मिलिमीटरची जाळी, १ मिलिमीटरच्या समोच्चरेषा घ्या. रिकाम्या घरांसाठी ‘रिकामंच ठेवा’ हा पर्याय निवडा; इंटरपोलेट निवडलंत तर नसलेली बोटं उगवतात. रंगपट्टीच्या मर्यादा ओढून आवळल्या की २ मिलिमीटरची साधी लाटही खोल अंगठ्यासारखी लाल-निळी होते. रंगपट्टीवर मिलिमीटरचे आकडे नसलेलं चित्र वादात कुणी पुढे केलं, तर ते बाजूला ठेवायला हरकत नाही. बारीक कडा पाहायला पीसीव्ही प्लगइन फार छान आहे, ते खळग्यांत कृत्रिम सावली भरतं आणि ती सावली सूर्याच्या दिशेवर अवलंबून नसते.

इथवर आलं की पाहायचं काय? माणसाच्या पावलात अंगठा सगळ्यात मोठा, आतल्या बाजूला आणि पावलाच्या लांबीशी जवळजवळ समांतर. अस्वलाचं उलटं: आतलं बोट सगळ्यात लहान, बाहेरचं मोठं. त्यामुळे अस्वलाच्या डाव्या मागच्या पंज्याचा ठसा माणसाच्या उजव्या पावलासारखा भासतो. म्हणून सुटा ठसा कधी पुरत नाही. डावं-उजवं ठरवायला सलग माग लागतो. पावलाच्या उभ्या अक्षावर क्रॉस सेक्शन घ्या, टाच, कमान आणि चवडा यांची खोली वाचा. शिवाय कडेला बाहेर सरकून उठलेल्या चिखलाची कड शोधा. कोरलेल्या खळग्याला अशी कड नसते, आणि थर दबून वाकण्याऐवजी कापलेले दिसतात.

टेक्सासमधल्या ग्लेन रोजजवळ पॅलक्सी नदीपात्रातले ‘माणसांचे’ ठसे हे याचं उत्तम उदाहरण. खडक सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचा. तिथले बरेचसे लांबट ठसे पायाचा मागचा भाग टेकवत चाललेल्या डायनासोरांचे निघाले. बोटांच्या खुणा वेगळ्या गाळाने भरून गेल्या होत्या, म्हणून उरलेला भाग माणसाच्या तळव्यासारखा वाटत होता. शिवाय १९३० च्या दशकातल्या मंदीत काही ठसे विकायला म्हणून चक्क कोरले गेले. भरलेली बोटं इथे मुख्यतः रंगावरून ओळखता येतात, म्हणजे हा पुरावा नुसत्या आकाराच्या मॉडेलमध्ये सहसा येत नाही. बिंदूंचे फोटोंतून आलेले मूळ रंग (आरजीबी) टाकून देऊ नका.

दोन ठशांची तुलना हा या सॉफ्टवेअरचा खरा जोर. अलाइनमध्ये टाचेचं टोक, अंगठ्याचं टोक, चवड्याच्या दोन्ही कडा असे चार बिंदू जोडा, मग फाइन रजिस्ट्रेशन, म्हणजे सॉफ्टवेअरने आपोआप केलेली बारीक जुळणी. दोन्ही ठिकाणी ‘अॅडजस्ट स्केल’ बंदच हवं. ते चालू राहिलं तर १५ सेंटिमीटरचा ठसा फुगवून २५ सेंटिमीटरच्या पावलावर बसवला जातो आणि तुम्हाला ‘जुळणी’ मिळते. फायनल ओव्हरलॅप (दोन्ही ठशांचा किती टक्के भाग एकमेकांवर येतो) १०० वरून ७० च्या आसपास आणा, नाहीतर तुटलेल्या कडाही जुळणीत ओढल्या जातात. खोलीचा फरक दिशेसह हवा असेल तर एम३सी२ प्लगइन वापरा. साधं क्लाउड-टू-क्लाउड, म्हणजे बिंदूपासून जवळच्या बिंदूपर्यंतचं, अंतर वर की खाली हे सांगत नाही.

मोजमापाने वाद दोन्ही बाजूंनी सुटू शकतो. मेक्सिकोतल्या तोलुकिया इथल्या ज्वालामुखीच्या राखेतले खळगे २००५ मध्ये माणसाचे ठसे म्हणून जाहीर झाले. त्याच वर्षी ती राख सुमारे १३ लाख वर्षांची निघाली. २०१० मध्ये ते मांडणाऱ्यांपैकीच काही संशोधकांनी त्रिमितीय मोजणी केली आणि त्या खुणा माणसाच्या पावलांच्या नाहीत, असा निष्कर्ष आला. टांझानियातल्या लाएतोलीच्या ‘ए’ स्थळी नेमकं उलटं घडलं. १९७६ मध्ये सापडलेल्या त्या पाच सलग ठशांना अनेक वर्षं अस्वलाचे समजलं गेलं. २०१९ मध्ये ते पुन्हा उकरून मोजले आणि २०२१ च्या शोधनिबंधात होमिनिनचे, म्हणजे माणसाच्या वंशशाखेतल्या प्राण्याचे, ठरवले. टाच रुंद होती आणि अस्वलांच्या ५० तासांहून जास्त चित्रीकरणात दोन पायांवरची चाल १ टक्क्याहूनही कमी निघाली. क्रीटमधल्या ट्राखिलोसच्या ठशांवर मात्र अजून एकमत नाही. २०१७ पासून अंगठ्याचा आकार पुढे केला जातो आणि उत्तरात सपाट तळवा दाखवला जातो.

तोटेही सांगायला हवेत. अनडू नाही, म्हणून प्रत्येक बदलाआधी क्लोन (प्रत) करून ठेवा. मेनू गुंतागुंतीचे आहेत, नवख्याला दोन-तीन दिवस लागतात. आणि शेजारी ठेवायला आजच्या माणसांच्या उघड्या पावलांचे, तेवढ्याच ओल्या वाळूतले निदान काही डझन ठसे नसतील तर आकडे एकटेच पडतात. ओलावा बदलला की एकाच पावलाची टाच ५ किंवा २५ मिलिमीटर खोल जाते.

काम बिन या क्लाउडकंपेअरच्या स्वतःच्या फाइल स्वरूपात जतन करा, रंग आणि उंचीचे आकडे त्यातच टिकतात. दुसऱ्याला तपासायला द्याल तेव्हा मूळ फोटो, मोजपट्टीची लांबी आणि कन्सोलमधलं मॅट्रिक्स सोबत पाठवा. तुमची पातळी कुठे बसवली, हे त्याशिवाय त्याला कळणार नाही.