‘नष्टनीड’ ते ‘चारुलता’

साहित्यकृतीवरून केलेला चित्रपट पाहिला की मूळ लेखनाला न्याय मिळाला का, हा प्रश्न आपण सवयीने विचारतो. सत्यजित राय यांचा १९६४ सालचा ‘चारुलता’ मी या वेळी रवींद्रनाथांची ‘नष्टनीड’ ही १९०१ सालची दीर्घकथा शेजारी ठेवून पाहिला आणि तो प्रश्न फारसा उपयोगाचा नाही असे वाटू लागले. राय यांनी कथेच्या उत्तरार्धातील बरेच काही गाळले आहे आणि एक अख्खा समुद्रकिनारा पदरचा घातला आहे. तरीही दोन तासांच्या अखेरीस आपण चित्रपट पाहिला की एखादी चांगली कादंबरी वाचली, हे सांगणे कठीण जाते.

काळ १८७९-८० चा, स्थळ कलकत्त्यातील एका संपन्न घराचे. भूपती इंग्रजी राजकीय वृत्तपत्र चालवतो आणि ब्रिटनमधील उदारमतवादी नेते ग्लॅडस्टन यांच्या निवडणुकीतील विजयाने हरखून जातो. त्याच्या सज्जनपणात काडीचीही खोट नाही. पत्नीला आपण वेळ देत नाही एवढे मात्र त्याला कोणीतरी सांगावे लागते. निःसंतान, बुद्धिमान चारूला सोबत व्हावी म्हणून तिचा भाऊ उमापद आणि भावजय मंदा घरात येतात. मग वादळी वाऱ्यात ‘हरे मुरारे’ अशी आरोळी ठोकत भूपतीचा धाकटा आतेभाऊ अमल येतो. पुढे काय होणार हे जाणता प्रेक्षक ओळखतोच, त्यामुळे कथानक सांगून रसभंग होण्याची भीती येथे नाही.

पहिली काही मिनिटे मात्र सावकाश पाहावीत. चारू रुमालावर भूपतीच्या नावाचे ‘बी’ हे इंग्रजी अक्षर भरते आहे. घड्याळाचे टोले पडतात, ती नोकराला चहाची आठवण करते, कपाटातून कादंबरीकार बंकिमचंद्रांचे पुस्तक काढते आणि त्यांचे नाव स्वतःशीच गुणगुणते. रस्त्यावरून आवाज येताच ती दांडीचा चष्मा आणून एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे धावते, आणि झडपांच्या फटींतून माकडवाला, पालखी, छत्री घेतलेला एक गृहस्थ यांना न्याहाळते. एवढ्यात पुस्तकात डोके खुपसलेला भूपती तिच्या शेजारून निघून जातो. ती तोच चष्मा पाठमोऱ्या नवऱ्यावर रोखते आणि मग हात खाली सोडते. रवींद्रनाथांनी निवेदनातून सांगितलेली तिची पोकळी राय यांनी संवादाच्या आधाराशिवाय दाखवली आहे, आणि नवरा हाही तिच्यासाठी रस्त्यावरून जाणारा एक माणूस झाला आहे हे आपल्याला कळून चुकते. सुब्रत मित्र यांचा कॅमेरा आणि बन्सी चंद्रगुप्त यांनी उभारलेले ते घर यांच्याविना हे साधले नसते.

चित्रपटाचे साहित्यिक मोल मला सर्वांत जास्त जाणवले ते लेखनाविषयीच्या प्रसंगांत. चारू अमलला स्वतः बनवलेली वही देते, आणि तीत लिहिलेले छापायचे नाही अशी अट घालते. अमल अट मोडतो. मग ती स्वतः लिहायला बसते, आधीचे प्रयत्न फाडून टाकते आणि अखेर आपल्या गावाच्या आठवणींपाशी पोहोचते. अमलचे गद्य नटलेले आहे, तिचे साधे आहे, आणि मासिकाला तेही भावते. छापलेला अंक तिने अमलच्या डोक्यावर हाणला, तेव्हा त्यात विजयाचा आनंद किती आणि दुखावलेपण किती, हे चारू साकारणाऱ्या माधवी मुखर्जी यांच्या चेहऱ्यावरून शेवटपर्यंत ठरवता येत नाही. लेखिका घडण्याचा क्षण आणि प्रेम उघडे पडण्याचा क्षण एकच असावा, ही कल्पना मोठ्या लेखकाला शोभणारी आहे.

कथेत अमल घर सोडून गेल्यानंतरचा भाग दीर्घ आणि निर्दय आहे. चारू दागिना गहाण टाकून त्याला तार करते. भूपती तिच्यासाठी बंगालीत लिहू पाहतो आणि ते सारे जाळून टाकतो. राय यांनी हे वगळून समुद्रकाठचा प्रसंग घातला. तेथे चारू सुचवते की वृत्तपत्र दोन भाषांत काढावे, राजकारण इंग्रजीत त्याने पाहावे आणि बंगाली बाजू तिने. आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ मध्ये मराठी आणि इंग्रजी असा निघाला आणि त्याची इंग्रजी बाजू गोखले पाहत असत, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या संसाराची आशा क्षणभर खरी वाटेल. तो क्षण घरी आलेल्या अमलच्या पत्राने संपतो. तरीही कथेतील ती तार मला चित्रपटात हवी होती.

शेवटाबाबत मात्र मी राय यांच्या बाजूने आहे. कथेत भूपती चारूला म्हैसूरला सोबत चलण्यास सांगतो आणि ती ‘ना, थाक’, म्हणजे नको, राहू दे, एवढेच म्हणते. चित्रपटात ती ‘या’ म्हणून हात पुढे करते, तोही करतो, आणि हात जुळण्याआधीच चित्र गोठते.

उणिवा आहेत. उमापदाने केलेली पैशांची लबाडी आणि अमलकडून होणारी फसवणूक यांचा जोड जरा फारच हिशेबाने बसवला आहे. अमलच्या आगमनाला वादळ, त्याच्या पत्रालाही वादळ, हेही मला बटबटीत वाटते. सौमित्र चटर्जी यांचा अमल सुरुवातीला इतका लाडिक आहे की चारूच्या पसंतीबद्दल शंका यावी. अर्थात किशोर कुमार यांच्या आवाजातले रवींद्रसंगीत सुरू झाले की ती शंका टिकत नाही.

बंगाली न येणाऱ्यांनी नव्याने स्वच्छ केलेली प्रत पाहावी, पण तळाच्या इंग्रजी ओळींवर सर्वस्वी विसंबू नये. अमलच्या लग्नाचा विषय निघतो तेव्हा त्याच्या आणि चारूच्या बोलण्यात ‘ब’ने सुरू होणाऱ्या शब्दांचा खेळ रंगतो. बंगालीत ‘व’चा उच्चार ‘ब’ होत असल्याने वर्धमान हे गावाचे नाव आणि विलायत हे शब्दही त्यात येतात, बंकिम तर हवेतच. इंग्रजीत हा खेळ मरतो. मराठी कानाला मात्र तो अर्धाअधिक ऐकू येतो, म्हणून त्या प्रसंगापुरते खालचे वाचणे थांबवावे आणि नुसते ऐकावे.