सायबर तक्रारीचे पोर्टल आणि साताऱ्यात मिळालेला आधार : एक अभिप्राय

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीच्या छायाचित्रांत अश्लील फेरफार करून कोणीतरी तिच्याच नावाने इन्स्टाग्रामवर बनावट खाते उघडले. ती साताऱ्यात महाविद्यालयात शिकते आणि आमच्याकडेच राहते. त्यामुळे तक्रारीसाठी ज्या ज्या सेवांचे दार ठोठवावे लागले, त्या मला जवळून पाहता आल्या.

खाते दिसताक्षणी भाचीने विचारले, "मावशी, ब्लॉक करून टाकू का?" मी तिला थांबवले, ते बरे झाले. समोरच्याने खात्याचे नाव बदलले किंवा खातेच पुसून टाकले, तर दाखवायला हाती काही उरत नाही. आम्ही आधी खात्याचा पूर्ण दुवा उतरवून घेतला, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढले, आलेले संदेश तसेच ठेवले आणि मगच तक्रारीला बसलो.

2019 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर महिला व बालकांविषयीच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग असून तेथे नाव न देताही तक्रार करता येते. भाचीचा ओढा साहजिकच त्या पर्यायाकडे होता. मात्र निनावी तक्रारीचे पुढे काय झाले, हे तक्रारदाराला पाहता येत नाही. म्हणून मोबाइलवर ओटीपी मागवून नावानिशी तक्रार करण्याचा मार्ग आम्ही निवडला आणि माझ्या मते ज्याला तपास व्हावा असे वाटते, त्याने तोच निवडावा. घटनेचे वर्णन किमान 200 अक्षरांचे लागते आणि त्यात विशेष चिन्हे चालत नाहीत, तेव्हा खात्याच्या नावाआधीचे ॲटचे चिन्ह गाळूनच मजकूर लिहावा. दोनशे अक्षरे म्हणजे चार-पाच ओळी. पण ज्या मुलीवर प्रसंग ओढवला आहे तिला त्या स्वतः टंकणे किती जड जाते, हे फॉर्म तयार करणाऱ्याला कसे कळावे? ती भिंतीकडे तोंड करून सांगत गेली, मी टंकत गेले.

शेजारच्या काकांनी 1930 वर फोन करण्याचा सल्ला दिला होता. हा क्रमांक मुख्यतः आर्थिक फसवणुकीसाठी आहे. खात्यातून पैसे गेले असतील तर व्यवहार क्रमांक हाताशी ठेवून तेथे विनाविलंब कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवली गेली तरच ती परत मिळण्याची आशा असते.

पोलीस ठाण्याचा पहिला अनुभव कडू होता. नाव घेत नाही, पण एका ठाण्यात आम्हाला अर्धा तास बाकावर बसवून "ताई, हे आमच्याकडं होत नाही, सायबरला जावा" एवढेच ऐकवण्यात आले. त्यामागे थोडे तथ्य आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 मधील कलम 78 नुसार या कायद्याखालील गुन्ह्याचा तपास निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही. परंतु तपास कोणी करायचा हा प्रश्न वेगळा आणि तक्रार घ्यायची की नाही हा वेगळा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा, गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता नोंदवून घ्यावी लागते आणि नोंदीची प्रत विनामूल्य द्यावी लागते. नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी अर्ज करता येतो. दुसऱ्या खेपेला मी हे कलम वहीत लिहूनच नेले होते. जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे मात्र नीट ऐकून घेतले गेले, फोन फॉरमॅट न करण्याची ताकीद मिळाली आणि महिला कर्मचारी समोर असल्याने भाचीचा आवाज प्रथमच मोकळा झाला.

तक्रार नोंदली की मुलगी सावरली, असे होत नाही; पोर्टलची मर्यादा मला येथे जाणवली. तिला समुपदेशन मिळाले ते सखी वन स्टॉप सेंटरमध्ये. वैद्यकीय, पोलिसी व कायदेविषयक साहाय्य आणि गरज पडल्यास अल्पकाळ निवारा एकाच ठिकाणी मिळावा, या हेतूने 2015 पासून ही केंद्रे चालवली जातात. महिलांच्या 181 या हेल्पलाइनवरूनही तेथवर पोहोचता येते. वकिलासाठी आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलो. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, हे साताऱ्यातच पोवई नाक्यावर राहून इतकी वर्षे मला ठाऊक नव्हते.

चित्रे आणखी पसरू नयेत म्हणून स्टॉप एनसीआयआय ही, संमतीविना पसरवलेली खासगी चित्रे रोखणारी ऑनलाइन सेवाही वापरली. यात चित्र कोठेही पाठवावे लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून ते चित्र ओळखून अडवतात. ही सेवा अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. वय त्याहून कमी असल्यास 1098 या बालकांच्या हेल्पलाइनला कळवावे.

खाते आता दिसत नाही, तपास चालू आहे. पोर्टलचा पोचक्रमांक स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या कडेला लिहिला आहे आणि दर पंधरा दिवसांनी भाची स्वतःच तो टाकून तक्रारीची स्थिती पाहते; मला सोबत बसवत नाही.