टांगलेला कोबी की चिरलेली काकडी?

इंदुरात अंगणात झाबुआच्या कडकनाथ कोंबड्या पाळल्या असतील, तर चोइथराम मंडीतून त्यांच्यासाठी काय आणावं? माझं मत कोबीला. अख्खा गड्डा कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर टांगायचा; चोच मारली की झुलतो, पुन्हा उडी, पुन्हा टोच. कोंडलेल्या कोंबड्या कंटाळून एकमेकींची पिसं उपटतात, तो उद्योग यात कमी होतो. सुतळीचं टोक मात्र लोंबतं ठेवू नका, त्या गिळतात.

काकडी बघता बघता फस्त, करमणूक जवळपास शून्य. पण मे महिन्याच्या उन्हात तिच्यातलं सुमारे ९५ टक्के पाणी कामाला येतं.

दोन्ही खाऊच, दिवसाच्या खाण्याच्या १० टक्क्यांपर्यंत. अंड्यांसाठी लागणारी प्रथिनं, कॅल्शियम लेअर फीडमधूनच, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तयार खाद्यातूनच मिळायला हवं.