उपासनेतील टॅबलेट: वर्षभराच्या वापरानंतर

पुण्यातील आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीसाठी (चर्चसाठी) घेतलेला १० इंची टॅबलेट पाळक या नात्याने मी वर्षभर वापरला असून, उपासनेपेक्षा घरभेटींत तो अधिक उपयोगी पडला, असे माझे मत आहे. खडकीतील एका आजींना मोतीबिंदूमुळे छापील पवित्र शास्त्र वाचता येत नव्हते. दोन बोटांनी अक्षर मोठे करून दिल्यावर त्यांनी स्तोत्र १२१ ची ८ वचने स्वतः, सावकाश वाचली.

उपदेशाची टिपणे ए-फोर आकारात केल्यास पडद्यावर अक्षर बारीक होते. ए-फाइव्ह पानाचा कर्ण मात्र जवळपास १० इंच असल्याने ते फारसे न आक्रसता मावते. पडदा आपोआप बंद होण्याची वेळ आधीच वाढवून ठेवावी, कारण पहिल्याच रविवारी शास्त्रपाठ चालू असताना तो काळा झाला आणि राहिलेले वचन पुढच्या बाकावरील बाईंनी तोंडपाठ पूर्ण केले. (मंडळीला ते जास्त आवडले.) जुलैत एका दफनविधीच्या वेळी पावसाचे थेंब पडताच पाने आपोआप उलटू लागली, तेव्हापासून दफनभूमीत मी छापील पुस्तकच नेतो.