लातूरचं उन्हाळी कला शिबिर (वय १२ ते १७): मातीकाम एक नंबर, पेंटिंग ठीकठाक

सुट्टी लागली की व्हॉट्सॲपवर समर कॅम्पच्या जाहिराती सुरू होतात, आणि आमच्या लातुरात तर त्यातल्या निम्म्या फाउंडेशन बॅचच्याच असतात, म्हणजे नववी संपली की लगेच दहावीचं, दहावी संपली की लगेच अकरावीचं. त्याच्यात तेरा-चौदा-पंधरा वर्षांच्या लेकरांना हातानं काही करायला मिळेल असं शिबिर शोधायचं म्हटलं की लई कमी सापडतं. जे आहेत ते लहान लेकरांचे, कागदी बोट, ठशांचं चित्र, टोपी वगैरे. मोठी पोरं तिथं दोन दिवस बसतात आणि तिसऱ्या दिवशी "मला नाही जायचं" सुरू. म्हणून यंदा लेकीला घातलेल्या शिबिराबद्दल जरा सविस्तर लिहितेय. नाव जाहीर लिहू नका असं शिबिर घेणाऱ्या सरांनीच सांगितलंय, जागा वीसच घेतात आणि फोन उचलायला वेगळा माणूस नाही. औसा रोडच्या बाजूला आहे, इकडच्या चित्रकलेच्या शिक्षकांना विचारलं की पत्ता मिळतो.

दहा दिवस, सकाळी साडेसात ते साडेदहा, फी २४०० रुपये, त्यात माती, रंग, कॅनव्हास, एक दिवसाची सहल सगळं आलं. साडेदहाला सोडतात हे फार बरं केलंय कारण मे महिन्यात अकरानंतर लेकरांनी स्कूटीवर घरी यायचं म्हणजे नको वाटतं. फोन दारातच एका पेटीत ठेवायचा. पहिल्या दिवशी पोरांची तोंडं उतरली होती, नंतर कोणी विषयही काढला नाही.

आता मेन गोष्ट. बाकीच्या ठिकाणी रोज एक नवीन वस्तू असते, आज मंडला, उद्या डॉट पेंटिंग, परवा बॉटल आर्ट, रोज घरी एक वस्तू येते आणि आईवडील खूश. इथं दहातले सहा दिवस एकच काम होतं, मातीचं भांडं. पहिले दोन दिवस तर भांडं नाहीच, नुसती माती. जवळच्या गावातले एक कुंभारमामा येतात, त्यांनी तळ्यातला गाळ आणला होता, तो कुटायचा, चाळायचा, भिजवायचा, त्यात चाळलेली राख आणि लीद मिसळायची आणि मग पायानं तुडवायची. हो, घोड्याची लीद. पोरींनी नाकाला रुमाल लावले, माझी लेक घरी येऊन जेवायला बसेना आधी आंघोळ केल्याशिवाय. पण मामांनी कारण नीट सांगितलं, आपल्या रानातली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की फाटते, उन्हाळ्यात शेतात भेगा पडतात त्याच कारणानं, म्हणून नुसत्या काळ्या मातीचं भांडं टिकत नाही, त्याला सुटसुटीत करायला राख-लीद लागते. लीद भाजताना जळून जाते. रोज पायाखाली असलेल्या मातीबद्दल हे मला सुद्धा आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

मग वळ्या करून भांडं. चाकावर बसवत नाहीत, चाक फक्त मामा फिरवून दाखवतात, आणि ते बरोबरच आहे कारण दहा दिवसात चाक येत नसतं, नुसता फोटो येतो. मातीची लांब वळी करायची, गोल गोल एकावर एक बसवायची, आतून बाहेरून बोटानं सांधायची. दिसायला सोपं, पण भिंत सगळीकडं सारखी जाड ठेवणं म्हणजे खरी परीक्षा, आणि वर लातूरचा मे. पारा ४२ च्या आसपास, वारा कोरडा, भांड्याचा काठ अर्ध्या तासात वाळतो आणि तळ ओलाच राहतो, वरचं आकसतं खालचं आकसत नाही की मधे चीर पडते. त्यामुळं रोज निघताना भांड्याला ओलं गोणपाट गुंडाळायचं, वरून प्लास्टिक, पंख्याखाली ठेवायचं नाही, उन्हात तर नाहीच नाही. हे सगळं पोरांनीच करायचं, सर आठवण करून देत नाहीत. एका पोरानं गोणपाट नीट ओलं केलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच्या भांड्याला तळापासून काठापर्यंत चीर होती. सरांनी रागावलं नाही, हळहळ पण केली नाही, परत माती दिली. सतरा वर्षांचं पोरगं, मेडिकलच्या नीट परीक्षेच्या तयारीतलं, मान खाली घालून परत वळ्या करायला बसलं आणि त्या दिवसापासून सगळ्यांचीच गोणपाटं ओली करून ठेवायला लागलं.

या वयाच्या लेकरांना आपण एकतर बोर्डाच्या मार्कांची कामं देतो नाहीतर बिघडणारच नाहीत अशी खेळण्यातली कामं देतो. किटमधलं काम कसंही केलं तरी चांगलंच दिसतं, आणि चौदा वर्षांच्या लेकराला ते कळतं हो, मग त्याला त्याची किंमत राहत नाही. इथलं काम खरोखर फसू शकतं आणि का फसलं ते हातात धरून बघता येतं, म्हणून मला हे शिबिर आवडलं.

भांडी वाळल्यावर आवा लावला, म्हणजे भांडी भाजायची भट्टी. सगळी मंडळी मामांच्या गावी, पालकांना पण बोलावलं होतं. खाली गवऱ्या, मधे भांडी, वर उसाचं पाचट, त्याच्यावर खापऱ्या आणि राखेचा थर. संध्याकाळी पेटवला आणि दुसऱ्या दिवशी थंड झाल्यावर उघडला. वीस पोरांची मिळून तीसेक भांडी होती, त्यातली काही फुटलेली निघाली, आमच्या लेकीचं पण फुटलं. तिचे डोळे भरून आले, मला वाटलं आता घरी जाऊन रडारड. पण सरांनी सगळ्या फुटक्या भांड्यांचे तुकडे एका पोत्यावर मांडायला लावले आणि ज्याचं त्यानं कारण शोधायचं. लेकीनं तळाचा तुकडा उचलला, बोटानं जाडी बघितली आणि म्हणाली, "सर, तळ दुप्पट जाड झालाय, आत ओल राहिली असेल." सर म्हणाले बरोबर, आत पाणी राहिलं की त्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. तो तुकडा तिनं घरी आणलाय, अभ्यासाच्या टेबलावर आहे, आणि दुसरं भांडं, जे छोटं होतं ते नीट भाजून निघालं, त्यात पेनं ठेवते.

चांगल्या निघालेल्या भांड्यांवर पण अर्धा भाग लाल अर्धा काळा होता, एका मुलीनं विचारलं माझं असं का झालं. मातीत लोखंडाचा अंश असतो, भाजताना हवा लागली की लाल होतो, धुरात कोंडला की काळा राहतो. दहावीच्या पोरांना हे पुस्तकातलं वेगळं आणि हातातलं वेगळं लक्षात राहतं असं माझं मत.

सहल तेरला होती, मुरूड, ढोकी करत. हा भाग लई आवडला. तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव, समाधी तिथंच, आणि कुंभारमामांसाठी तर ते माहेरच. त्यांनी तिथं बसून ती गोष्ट सांगितली, संतांची मंडळी जमलेली आणि गोरोबाकाका थापटण्यानं एकेकाच्या डोक्यावर मारून बघतात कोण पक्कं कोण कच्चं, आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघतं. गोष्ट सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते, पण स्वतः आठवडाभर भांडं थापटल्यावर ऐकली की वेगळीच लागते. नंतर लेकरं प्रत्येक भाजलेलं भांडं बोटानं वाजवून बघत होती, पक्क्याचा खणखणीत आवाज, चीर असलेल्याचा भद्द.

तिथलं लामतुरे संग्रहालय जरूर बघा, शिबिराला नाही घातलं तरी लेकरांना घेऊन जा. तेर म्हणजे जुनं तगर, सातवाहन काळात तिथनं रोमपर्यंत व्यापार होता, आणि संग्रहालयात त्या काळातल्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या आहेत, दोन साच्यात पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी दाबून मधे जोडलेल्या. सरांनी पोरांना जोड शोधायला लावला. काचेला नाकं लावून सगळे कानामागची रेघ शोधत होते. हस्तिदंती बाहुली पण तिथंच आहे. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ पण दाखवलं, इतकं जुनं विटांचं बांधकाम अजून उभं आहे हे बघून पोरांना आपल्या भाजलेल्या मातीबद्दल जरा जास्तच आदर वाटायला लागला.

एक सकाळ बिदरी कामाची होती. बिदर आपल्या उदगीरपासून जवळच, तिथले एक कारागीर आले होते. जस्त जास्त आणि तांबं थोडं असं ओतकाम, त्यावर मोरचुदाचं पाणी लावून काळं करतात म्हणजे कोरलेली रेघ दिसते, मग छिन्नीनं खोबणी कोरून त्यात चांदीची तार ठोकून बसवायची, आणि शेवटी गरम करून बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर लावला की धातू काळाभोर होतो आणि चांदी तशीच पांढरी राहते. ते बघताना वीस पोरं चिडीचूप. हातात मात्र छिन्नी दिली नाही, फक्त ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर नक्षी उठवायला दिली. एकच सकाळ ठेवलीय, कमी पडते, दोन तरी पाहिजेत.

आता जे आवडलं नाही ते. पेंटिंगचे दोन दिवस अगदीच साधे, मोबाईलवरच्या सूर्यास्ताच्या चित्राची प्रिंट समोर ठेवून ॲक्रिलिकनं कॉपी करायची, सगळ्यांच्या कॅनव्हासवर तेच नारळाचं झाड. लातुरात कुठं एवढी नारळाची झाडं? बाहेर एवढा मोठा लिंब आहे, तो काढायला लावायचा. मातीकामात एवढा विचार करणाऱ्या माणसांनी इथं असं का केलं कळत नाही, मी हे त्यांना बोलले पण आहे. दुसरं, एकच कूलर, लाईट गेली की हॉलमधे थांबवत नाही. तिसरं, पोरांचे फोटो न विचारता स्टेटसला टाकतात, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींचे फोटो टाकायच्या आधी त्यांना आणि घरच्यांना विचारलंच पाहिजे. मी सांगितल्यावर लगेच काढले, पण नियमच पाहिजे. आणि शेवटच्या दिवशी प्रदर्शन ठेवलं त्यात पाहुण्यांचं भाषण एवढं लांबलं की पोरांना आपलं काम समजावून सांगायला वेळच उरला नाही.

एका आईनं विचारलं, याचा इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला उपयोग होईल का, कारण दहावीला ए ग्रेडचे ७, बी चे ५, सी चे ३ वाढीव मार्क मिळतात. सरांनी स्पष्ट सांगितलं की नाही, त्या परीक्षेची तयारी वेगळी करावी लागते. ॲडमिशनसाठी हो म्हणून मोकळे झाले नाहीत, बरं वाटलं.

रेझिन आर्टचं वर्कशॉप कुठं करणार असाल तर एवढंच बघा की हातमोजे देतात का आणि खोली हवेशीर आहे का. गेल्या वर्षी एका ठिकाणी बंद एसी हॉलमधे उघड्या हातांनी लेकरांना इपॉक्सी रेझिन ढवळायला लावलेलं मी बघितलंय, ते घट्ट व्हायच्या आधी कातडीला लागलं की ॲलर्जी होऊ शकते. इथं रेझिन नाहीच.

बारा-तेराच्या लेकराला घालणार असाल तर जरा विचार करा, बॅचमधे मोठी पोरं जास्त असतात आणि लहानांचे हात माती मळून लवकर थकतात. चौदाच्या पुढं डोळे झाकून घाला. माझे साडेचार स्टार, अर्धा त्या नारळाच्या झाडाचा कापला. नाव नोंदणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरून जाते, मार्चमधेच विचारून ठेवा, आणि जुने कपडे द्या, लिदीचा वास पहिल्या धुण्यात जात नाही.