छातीतील भरलेपण: चिनी वैद्यकाच्या एका ऑनलाइन अभ्यासवर्गाचे परीक्षण

छाती भरल्यासारखी वाटणे या एकाच तक्रारीकडे पारंपरिक चिनी वैद्यक कसे पाहते, यावरचा ध्वनिचित्रमुद्रित अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. रुग्ण ‘छाती भरली आहे’ म्हणतो तेव्हा त्याला नेमके काय जाणवते, हा प्रश्न व्याख्याते शेवटपर्यंत सोडत नाहीत, आणि वर्गाचे खरे बळ त्यातच आहे. उसासा टाकल्यावर हलके वाटत असेल आणि नाडी ताणलेल्या तारेसारखी लागत असेल, तर यकृताची ‘ची’ (शरीरात वाहणारी प्राणशक्ती) अडली असे मानतात; जडपणासोबत जिभेवर चिकट थर असेल तर कफ, आणि एकाच जागी टोचून दुखत असून जीभ जांभळट असेल तर साकळलेले रक्त. ‘ऊर भरून येणे’ म्हणणाऱ्या आपल्याला यांतला पहिला प्रकार फारसा समजावून सांगावा लागत नाही.

सर्वांत सरस व्याख्यान ‘शांग हान लुन’ या सुमारे 1800 वर्षांपूर्वीच्या ग्रंथातील एका सूत्रावर आहे. अवेळी रेचक दिल्यानंतर छाती भरली, तर दालचिनीची डहाळी, पिओनीचे मूळ, आले, बोरे आणि ज्येष्ठमध या पाच द्रव्यांच्या काढ्यातून पिओनी वगळावी, एवढेच ते सूत्र सांगते. आंबट पिओनी आवरून धरणारी आहे आणि छातीतील ‘यांग’ला, म्हणजे शरीराच्या उष्ण, चालत्या शक्तीला, मोकळी वाट हवी आहे, हे कारण सावकाश उलगडताना ऐकले, की एक द्रव्य काढण्यातही केवढा विचार असतो ते कळते.

हाताच्या आतल्या बाजूच्या ‘नेइग्वान’ या ॲक्युपंक्चर बिंदूचे प्रात्यक्षिकही नेटके आहे: मनगटाच्या घडीपासून तीन बोटे वर, दोन स्नायूबंधांच्या मधोमध. जिभेची छायाचित्रे मात्र इतकी अंधुक आहेत की लाल कोणती आणि जांभळी कोणती हे ओळखता येत नाही. रोगनिदानच जिभेवर बेतलेल्या वर्गात हे अक्षम्य आहे.

त्याहून मोठी तक्रार क्रमाबद्दल आहे. छातीतील दडपणासोबत घाम फुटला, दम लागला किंवा कळ हातात अथवा जबड्यात गेली, तर नाडी पाहत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे, ही सूचना अखेरच्या व्याख्यानाच्या अखेरच्या दोन मिनिटांत उरकली आहे. नवख्याने ते व्याख्यान आधी ऐकावे आणि मगच पहिल्याकडे वळावे.