सीडी४ की व्हायरल लोड: कोणत्या वेळी कोणता आकडा बघायचा?

एचआयव्हीचं निदान झालं की हाती दोन आकडे येतात: सीडी४ (एचआयव्ही ज्यांना मारतो त्या रोगप्रतिकारक पेशींची संख्या) आणि व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण). खासगी लॅबच्या पॅकेजात आणखी चार-पाच. यातल्या कशाला किती महत्त्व द्यायचं, हे तुम्ही उपचाराच्या कोणत्या टप्प्यावर आहात त्यावर ठरतं.

सीडी४ आजपर्यंत झालेली पडझड दाखवतो. निरोगी माणसात तो रक्ताच्या घन मिलिमीटरमागे साधारण ५०० ते १,५०० असतो. २००च्या खाली गेला की न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया, क्रिप्टोकोकल मेंदूज्वर या बुरशीजन्य आजारांचा धोका वाढतो. टीबी तर आपल्याकडे त्याआधीही गाठतो. असे संसर्ग टाळणारं कोट्रायमॉक्साझोल हे औषध सुरू करायचं का, क्रिप्टोकोकसची तपासणी करायची का, हे याच आकड्यावरून ठरतं. मात्र साध्या तापाने, अगदी रक्त घेतल्याच्या वेळेनेही तो वरखाली होतो. ४८०चे ४२० झाले म्हणून झोप उडवून घेऊ नका.

व्हायरल लोड आजाराची पुढची गती सांगतो. १९९७ साली अमेरिकेत १,६०४ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजची प्रभावी औषधं मिळण्याआधी त्यांचे नमुने घेतलेले होते. मिलिलिटरमागे विषाणूच्या ३०,००० हून जास्त प्रती (कॉपी) असलेल्यांपैकी ८० टक्क्यांना सहा वर्षांत एड्स झाला; ५०० किंवा त्याहून कमी असलेल्यांत हेच प्रमाण ५.४ टक्के होतं. दोन्ही आकडे एकत्र पाहिले तर अंदाज आणखी नेमका येत होता.

पण हे भाकीत उपचार न घेतलेल्या शरीराचं. भारतात २०१७ पासून सीडी४ कितीही असला तरी एआरटी (विषाणू दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या) मिळते, त्यामुळे व्हायरल लोडचं खरं काम आता वेगळं आहे: गोळ्या लागू पडताहेत का, हे पाहणं. सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी, मग दरवर्षी. आकडा १,००० च्या वर आला तर आधी गोळ्या चुकताहेत का ते बघतात आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासतात. इथे सीडी४वर विसंबणं मला धोक्याचं वाटतं, कारण तो घसरेपर्यंत विषाणू औषधाला दाद देईनासा झालेला असू शकतो. शिवाय विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच दबलेला राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. सीडी४ हे कधीच सांगू शकत नाही.

आता पॅकेजातले बाकीचे आकडे. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आणि निओप्टेरिन व्हायरल लोड मोजता येत नव्हता तेव्हाचे, आता नकोत. डी-डायमर (रक्त गोठण्याची खूण) आणि आयएल-६ (शरीरातल्या दाहाची खूण) वाढलेले असले तर मृत्यूचा धोका जास्त, हे ‘स्मार्ट’ नावाच्या एचआयव्ही उपचारांच्या अभ्यासातल्या रुग्णांत दिसलं आहे. पण त्यावरून तुमच्या गोळ्या बदलत नाहीत. ते पैसे वाचवा.

निदान नवं असेल तर आधी सीडी४, आणि या आकड्यांच्या रिपोर्टसाठी गोळ्या सुरू करणं लांबवू नका. गोळ्या सुरू होऊन सहा महिने झाले असतील तर व्हायरल लोड. सरकारी एआरटी केंद्रात दोन्ही मोफत होतात. गोळ्या मध्येच सुटून काही महिन्यांनी परतला असाल, तर पुन्हा सीडी४ करायला सांगा, पूर्वीचा कितीही चांगला असला तरी.